नागपूरच्या घरात क्लाउनफिशची जोडी: माशाच्या सवयींवरून टाकी लावण्याची पद्धत

घरी समुद्राचा मासा पाळलाय असं कोणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "नागपुरात? अन् पाणी कुठून आणता?" पाणी घरीच तयार करतो, त्याची रीत पुढे दिली आहे आणि ती वाटते तितकी अवघड नाही. या शहरात खरी कसोटी लागते ती एप्रिलच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत. तेव्हा माठाबाहेर ठेवलेलं पिण्याचं पाणीसुद्धा कोमट होतं. ते दोन महिने निभावले की बाकीचं वर्ष सोपं जातं.

माझ्याकडे ऑसेलॅरिस क्लाउनफिशची एक जोडी आहे. दुकानात तिला सरसकट निमो म्हणतात. या जोडीच्या आधी मी चुकाही केल्या आणि त्यात मासे गेले, त्याची हळहळ अजून आहे. बहुतेक चुका यंत्रांच्या नव्हत्या. हा मासा निसर्गात कसा राहतो हेच मला ठाऊक नव्हतं. म्हणून सुरुवात माशापासून करतो. टाकी, फिल्टर, दिवे यांचा निर्णय त्यानंतर फारसा डोकं न खाजवता होतो.

आधी मासा ओळखा

ॲम्फिप्रिऑन ऑसेलॅरिस हा पूर्व हिंदी महासागरापासून पश्चिम पॅसिफिकपर्यंतच्या उथळ प्रवाळ भागातला मासा. आपल्या अंदमानात तो आहे, तसाच थायलंड, इंडोनेशिया, फिलिपिन्स, ऑस्ट्रेलियाचा उत्तर किनारा आणि जपानच्या दक्षिण बेटांवरही आहे. त्याचा जुळा भाऊ वाटावा असा पर्क्युला न्यू गिनी, सॉलोमन बेटं आणि क्वीन्सलँडच्या बाजूला सापडतो. दोघांत घोळ होतो. ऑसेलॅरिसच्या पांढऱ्या पट्ट्यांची काळी किनार बारीक असते आणि पाठीच्या परात बहुधा ११ काटे असतात. पर्क्युलाची किनार जाड आणि काटे बहुधा १०. नवशिक्याने ऑसेलॅरिसच घ्यावा, तो जास्त काटक आहे.

समुद्रात याचं घर म्हणजे समुद्रफूल, सी ॲनिमोन. हे फूल म्हणजे दंश करणारा प्राणीच आहे. त्याच्या शेकडो बोटांत विषारी पेशी असतात आणि दुसरा लहान मासा त्यात अडकला की संपतो. क्लाउनफिश मात्र त्यात लोळतो. याचं कारण त्याच्या अंगावरच्या चिकट थरात आहे. ज्या साखरेसारख्या घटकामुळे समुद्रफुलाचे डंख सुटतात, तो सियालिक ॲसिड नावाचा घटक या थरात फार कमी असतो. नव्या फुलात शिरताना तरीही तो एकदम उडी घेत नाही. आधी शेपटी लावतो, मग पोट, मग मागे सरकतो, पुन्हा येतो. देवाणघेवाणही दोन्ही बाजूंनी असते. माशाच्या विष्ठेतला आणि कल्ल्यांतून सुटणारा अमोनिया फुलाच्या पेशींत राहणाऱ्या शैवालांना खत म्हणून मिळतो. रात्री मासा पर हलवत राहतो, त्यामुळे फुलाला प्राणवायू पोचतो. फुलाचे लचके तोडायला आलेल्या बटरफ्लायफिशला तो हुसकावून लावतो.

टाकी लावणाऱ्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट अशी की मोठा झालेला क्लाउनफिश आपल्या फुलापासून एक-दोन मीटरपलीकडे सहसा जात नाही. पोहायला तो तसा कच्चाच. त्यामुळे अडीच फुटांची टाकी त्याला आयुष्यभर पुरते. टँगसारख्या दिवसभर फिरणाऱ्या माशाला तीच टाकी कोंडवाडा ठरेल. समुद्राचे मासे घरात ठेवूच नयेत असं मानणारे मित्र मला आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण या एका माशाबाबत, तो हॅचरीत, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात, जन्मलेला असेल तर, मला मनापासून वाटतं की आपण त्याला त्याच्या गरजेइतकं घर देऊ शकतो.

आता त्याचं कुटुंब. एका फुलात एक मादी, एक नर आणि कधीकधी दोन-चार लहान मासे राहतात. मादी सगळ्यांत मोठी, नर तिच्याहून लहान, बाकीचे उतरत्या मापाचे. सगळे मासे नर म्हणूनच वाढतात. मादी मेली की नर मादी होतो आणि लहानांपैकी सगळ्यांत मोठा नराच्या जागी येतो. हान्स फ्रिके आणि सिमोन फ्रिके यांनी १९७७ साली हे मांडलं. नराच्या जननग्रंथीत अंडाशयाच्या पेशी निद्रिस्त अवस्थेत असतातच. मादीची दांडगाई थांबली की त्या जाग्या होतात, आणि शरीराच्या आधी मेंदू बदलायला लागतो. एकदा मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, मासे विकत घेताना सगळ्यांत जास्त तेच उपयोगी पडतं.

मापाची ही उतरंड आपोआप राहते. पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीत पर्क्युला माशांवर केलेलं काम २००३ साली प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं की खालच्या पायरीवरचा मासा आपली वाढ आवरून धरतो, वरच्याच्या मापाला भिडत नाही. भिडला तर त्याला घरातून हाकललं जातं, आणि फुलाबाहेरचा क्लाउनफिश म्हणजे कोणाचं तरी भक्ष्य. टाकीत हाकललेल्याला जायला जागाच नसते, तो मरेपर्यंत मार खातो.

टाकी आणि तिची जागा

जोडीसाठी अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकी घ्या. काठोकाठ साधारण ११० लिटर होतात, दगड-वाळू गेल्यावर ९५ लिटर धरा. याहून लहान टाकी स्वस्त पडते, पण तिचं पाणी फार लवकर तापतं आणि लवकर खारवतं. भरल्यावर वजन दीडशे किलोच्या आसपास जातं, तेव्हा लोखंडी स्टँड लेव्हलबॉटल लावून बसवा.

जागा निवडताना पश्चिमेची भिंत टाळा. दुपारी तीननंतर या भिंतीला हात लावून बघा, कळेल. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली राहत असाल तर घरातली सगळ्यांत थंड खोली शोधा, मग ती दिवाणखाना असो की नसो. टाकीवर काचेचं झाकण नको. त्याने वाफ अडते आणि उन्हाळ्यात तीच आपल्याला हवी असते. पण क्लाउनफिश दचकला की उडी मारतो, त्यामुळे उघडीही ठेवता येत नाही. मी ॲल्युमिनियमच्या चौकटीवर मच्छरदाणीची नायलॉनची जाळी ताणून झाकण केलं आहे.

आणखी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. त्या खोलीत डासांची कॉइल, लिक्विड किंवा स्प्रे वापरायचा नाही. त्यातलं पायरेथ्रॉइड माणसाला विशेष बाधत नाही, पण माशांना ते जहाल विष आहे, आणि एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. कूलरमुळे आपल्याकडे डास असतातच, म्हणून खिडकीला जाळी लावून घ्या.

समुद्राचं पाणी तयार करणं

नळाला येणारं पेंच किंवा कन्हानचं पाणी पिण्याला उत्तम, पण त्यात क्लोरीन असतो आणि विरघळलेले क्षारही. बोअरचं पाणी तर जडच. दोन्ही थेट वापरू नका. आरओचं पाणी घ्या आणि टीडीएस मीटरने, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरने, तपासा. घरच्या बहुतेक आरओत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे मीटर ६०-७० दाखवतो. टाकीपुरता वेगळा आरओ घेऊन त्यापुढे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनचं भांडं जोडलं तर आकडा शून्यावर येतो. पाणी तेवढं शुद्ध नसलं की काचेवर आणि दगडांवर तपकिरी-हिरवं शेवाळ धरतं आणि ते महिनोन्‌महिने जात नाही.

मीठ मत्स्यालयासाठी मिळतं तेच, सिंथेटिक सी सॉल्ट. स्वयंपाकाच्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट काहीच नसतं, तेव्हा तो प्रयोग करू नका. लिटरमागे ३५ ते ३८ ग्रॅम, म्हणजे आपल्या टाकीला साडेतीन किलोच्या आसपास. मोठ्या बादलीत पाणी घ्या, पंप चालू करा आणि मग मीठ थोडं थोडं सोडा. मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम खाली पांढरं बसतं आणि वाया जातं. रात्रभर फिरू द्या. सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजायच्या यंत्रावर, पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०२५ यायला हवं. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) द्रावणाने जुळवून घ्या. काट्याच्या प्लास्टिकच्या हायड्रोमीटरवर माझा विश्वास नाही, बुडबुडा चिकटला की तो हवं ते दाखवतो.

दगड, कुंडी आणि सहा आठवड्यांचा धीर

प्रवाळ विकत घेऊ नका, कोणी घरपोच देतो म्हणाला तरी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि लाइव्ह रॉक (उपयोगी जिवाणू आधीच बसलेला समुद्रातला दगड) म्हणून जे खपवलं जातं ते पुष्कळदा प्रवाळाचाच तुकडा असतो. सच्छिद्र सिरॅमिकचे दगड मिळतात, ते त्याच कामाला येतात. पाणी स्वच्छ ठेवणाऱ्या ज्या जिवाणूंना आपण बोलावतोय त्यांना खडबडीत पृष्ठभाग लागतो, तो कशाचा आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. तळाला अर्धा-एक इंच ॲरागोनाइट (चुनखडीची) वाळू.

घर म्हणून मातीची कुंडी. कुंभाराकडून रंग न दिलेली पाच-सहा इंचांची साधी कुंडी आणा, दोन दिवस पाण्यात भिजवून धुवा आणि टाकीत आडवी ठेवा. समुद्रफुलाची गरज मुळीच नाही. हॅचरीतल्या माशांच्या कित्येक पिढ्यांनी फूल पाहिलेलं नसतं आणि ते ठणठणीत असतात, अंडीही देतात. उलट फुलाला प्रखर दिवा आणि सहा महिने मुरलेली टाकी लागते. ते फिरत फिरत पंपात अडकून मेलं तर एका रात्रीत सगळं पाणी नासतं. समुद्रातून एक फूल उपटलं म्हणजे त्यातलं माशांचं अख्खं कुटुंब उघड्यावर आलं, हाही विचार करा.

माझ्या माशांनी कुंडी चौथ्या दिवशी धरली. आधी मादी आत जाऊन बाहेर आली, तोंडाने वाळूचे दोन-चार दाणे उचलून बाहेर टाकले, पुन्हा आत गेली. झाडून घेतल्यासारखं. तेव्हापासून ती कुंडी तिची.

पाणी भरल्यावर लगेच मासे सोडायचे नसतात. माशाच्या विष्ठेतून अमोनिया येतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं त्या मानाने सौम्य. हे जिवाणू दगडांवर बसायला चार ते सहा आठवडे जातात. रिकाम्या टाकीत कच्च्या कोळंबीचा एक तुकडा टाका, तो सडून अमोनिया देईल. दर दोन दिवसांनी टेस्ट किटने मोजा आणि वहीत लिहा. अमोनिया चढेल, उतरेल, मग नायट्राइट चढेल, उतरेल. दोन्ही शून्यावर आले की थोडं पाणी बदला. शून्य दिसायच्या आधी घाई करणाऱ्यांचेच मासे पहिल्या महिन्यात मरतात.

उन्हाळा

ऑसेलॅरिसला २५ ते २७ अंश मानवतात. २९-३० अंशांपर्यंत तो काही दिवस सहन करतो. त्यापुढे दुहेरी संकट असतं. गरम आणि खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि त्याच वेळी माशाच्या शरीराला तो जास्त लागतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश ही बातमीही राहत नाही, आणि २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बंद खोलीत पाणी ३४ पर्यंत जाऊ शकतं.

तरी नागपूरच्या उन्हाळ्याची एक बाजू आपल्या सोयीची आहे, हवा कोरडी असते. पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा झोत लावला की वाफ होते आणि वाफ उष्णता घेऊन जाते. माठाचं आणि कूलरचं तेच तत्त्व. एक लिटर पाणी वाफ होताना शंभर लिटर पाण्यातून साडेपाच अंशांहून जरा जास्तच उष्णता काढून घेतं. खोलीची उष्णता सतत आत येत असते, त्यामुळे हाती दोन ते चार अंश लागतात. संगणकातले १२ व्होल्टचे दोन पंखे जाळीवर तिरपे बसवा आणि टेंपरेचर कंट्रोलरला जोडा. २६.५ वर चालू, २६ वर बंद.

यात एक मेख आहे, ती कळायला मला अख्खा उन्हाळा लागला. त्याच खोलीत वाळ्याचा कूलर चालू असेल तर हवा दमट होते आणि टाकीवरच्या पंख्याचा जोर निम्मा होतो. कूलर शेजारच्या खोलीत ठेवा आणि टाकीच्या खोलीची खिडकी थोडी उघडी ठेवा. जुलैत दमट हवेत पंखा चालेनासा होतो, पण तोवर बाहेरचं तापमान उतरलेलं असतं. एसी लावणार असाल तर दिवसरात्र एकाच तापमानावर लावा. रात्री २४ आणि दुपारी ३२ असे हेलकावे माशाला सरळ ३० अंशांपेक्षा वाईट. चिलर, म्हणजे टाकीचं पाणी थंड करणारं यंत्र, सगळ्यांत खात्रीचा, पण तो मागून गरम हवा फेकतो. त्याला बंद कपाटात ठेवलं तर तो स्वतःचीच टाकी तापवत बसतो.

वाफ फक्त पाण्याची होते, मीठ मागे राहतं. मे महिन्यात पंखे चालू असताना माझ्या टाकीतून रोज दीड-दोन लिटर पाणी उडतं. रोज दोन लिटर गेले आणि भरले नाहीत, तर ३५ पीपीटीचं पाणी तीन दिवसांत ३७ च्या पुढे जातं. म्हणून काचेवर मार्करने रेघ मारा आणि सकाळ-संध्याकाळ त्या रेघेपर्यंत साधं आरओचं पाणी भरा. खारं नाही, साधं. पहिल्या वर्षी मी आठवडाभर तयार मिठाचं पाणी भरत राहिलो. मासे तळाशी जोरजोरात कल्ले हलवत होते आणि मी प्राणवायू कमी पडला समजून एअर पंप वाढवत होतो. मोजलं तेव्हा १.०३१ निघालं. एक मासा त्यात गेला.

लाइट गेली की पहिली अडचण प्राणवायूची, तापमानाची नंतर. बॅटरीवर आपोआप चालू होणारा एअर पंप ठेवा, किंवा इन्व्हर्टरवर निदान एअर पंपाचा प्लग घ्या, त्याला पाच वॉटही लागत नाहीत. बर्फाच्या बाटलीचा फार भरवसा धरू नका. एक लिटरची गोठवलेली बाटली पूर्ण वितळली तरी शंभर लिटर पाणी जेमतेम एक अंशाने उतरतं. फ्रीजरमध्ये चार बाटल्या तयार असल्या तर तीन-चार तास निभावतात. बाटली बंदच ठेवा, बर्फ थेट टाकीत टाकू नका. टाकीचा दिवा या दिवसांत दुपारऐवजी संध्याकाळी लावा.

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा १०० वॉटचा हीटर लागतो. तोही त्याच कंट्रोलरवर जोडा. हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट अडकून पाणी उकडल्याचे प्रकार होतात.

मासे निवडणं, आणणं, वेगळे ठेवणं

फक्त हॅचरीत जन्मलेले मासे घ्या. केरळात विझिंजमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास यशस्वी केली आहे, आपल्याकडे ऐरोलीलाही सागरी शोभिवंत माशांची हॅचरी उभी राहिली आहे. समुद्रातून पकडलेले मासे अंगावर परजीवी घेऊन येतात आणि कोरडं खाणं ओळखत नाहीत. आग्नेय आशियात काही ठिकाणी ते सायनाइड फवारून पकडले जातात, असा मासा वरून धडधाकट दिसतो आणि आठवड्यात मरतो. दुकानदाराला विचारा, "हॅचरीचा आहे का?" आणि समोर दाणे टाकायला सांगा. लगेच खाल्ले तर घ्या. हॅचरीच्या माशांत एखादा पांढरा पट्टा अर्धवट असतो. तो रोग नाही, पिल्लू असताना पट्टे उमटायच्या काळातला तो फरक आहे.

दोन्ही मासे लहानच घ्या आणि मापात स्पष्ट फरक असलेले घ्या, एक दीड इंचाचा, दुसरा एक इंचाचा. मोठा मादी होईल, लहान नर राहील. दोन पूर्ण वाढलेले मोठे मासे कधीही एकत्र आणू नका. दोन्ही माद्या निघाल्या तर एक मरणार, कारण मागे फिरण्याची वाट त्यांच्या शरीरातच नाही. तीन ठेवू नका, तिसऱ्याचे हाल होतात.

मासे घरी आल्यावर काय करायचं ते प्रवास किती झाला यावर आहे. गावातल्याच दुकानातून आणले असतील तर पिशवी पंधरा मिनिटं स्वागताच्या टाकीत (तिच्याबद्दल पुढे आहे) तरंगत ठेवा, मग मासे पाण्यासकट बादलीत घ्या आणि टाकीचं पाणी थेंबथेंब सोडा. मेडिकलमधून सलाइनची नळी आणा, तिच्या चाकाने थेंब हवे तसे आवरता येतात. पाऊण तासात बादलीतलं पाणी तिप्पट झालं की मासे हळूच उचलून सोडा, बादलीतलं पाणी फेकून द्या.

मुंबई-चेन्नईहून पार्सलने वीस-चोवीस तासांनी आले असतील तर हे अजिबात करू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली जातो, त्यामुळे साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. अशा वेळी विक्रेत्याला पिशवीतल्या पाण्याचा खारेपणा आधीच विचारून ठेवा, स्वागताच्या टाकीचं पाणी तेवढंच खारं करा, तापमान जुळलं की पिशवी फोडा आणि लगेच मासे पलीकडे घ्या.

स्वागताची टाकी म्हणजे चाळीस लिटरची साधी टाकी, स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा. चार आठवडे मासे तिथे. क्लाउनफिशचा खास शत्रू म्हणजे ब्रूकलिनेला हा परजीवी. अंगावरून पांढरट चिकटा सुटून लोंबतो, मासा पृष्ठभागाशी धापा टाकतो आणि दोन दिवसांत जातो. तापमान आणि पीएच जुळवलेल्या गोड्या पाण्यात तीन ते पाच मिनिटांची डुबकी तात्पुरता दिलासा देते, पुढे फॉर्मेलिनचा उपचार जाणत्याच्या देखरेखीखालीच करा. मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले तर तो क्रिप्टोकॅरिऑन परजीवी, सोनेरी पूड शिंपडल्यासारखं दिसलं तर वेल्व्हेट रोग. दोन्हींवर तांब्याचं औषध चालतं, पण ते फक्त या वेगळ्या टाकीत. मुख्य टाकीत तांबं गेलं की दगड ते धरून ठेवतात.

रोजच्या सवयी वाचायला शिका

लहान मासा मोठ्यासमोर तिरपा होऊन अंग थरथरवतो. झटका आला समजून लोक घाबरतात. तो नमस्कार आहे, "मी लहान, मला मारू नकोस" असा. हे दिसलं की जोडी जमली. मोठी अधूनमधून चोच मारल्यासारखं करते, तेही चालतं. पर फाटले, लहान मासा दिवसभर वरच्या कोपऱ्यात दडून राहिला, तर मात्र मध्ये जाळी घालून आठवडाभर वेगळे ठेवा. रात्री शांत असताना टाकीजवळ बसलात तर टकटक असा बारीक आवाजही ऐकू येऊ शकतो. जबडा झटक्यात मिटून दात आपटल्याने तो होतो.

झोप तर पहिल्यांदा बघणाऱ्याचा जीवच घेते. दिवा बंद झाल्यावर मासे कुंडीत किंवा कोपऱ्यात तिरके, कधी अगदी आडवे होऊन एकाच जागी डोलत राहतात. रात्री दोनला मोबाइलच्या उजेडात मी ते पाहिलं आणि मेले असंच धरलं. सकाळी दोघं काचेशी खाणं मागत उभे होते.

खाणं दिवसातून दोनदा, थोडं. निसर्गात तो तरंगते सूक्ष्म जीव आणि शेवाळ दोन्ही खातो, म्हणून बारीक दाणे, गोठवलेलं मायसिस (बारीक कोळंबीसारखे जीव) आणि स्पिरुलिना शैवाल असलेलं काहीतरी असं आलटून पालटून द्या. दोन मिनिटांत संपेल एवढंच. समुद्राची कोळंबी बारीक चिरून, धुऊन चालते. दर रविवारी दहा टक्के पाणी बदला.

अंडी आणि पिल्लं

दीड-दोन वर्षांत, पाणी स्थिर असेल तर, जोडी अंडी देते. आधी दोघं कुंडीची आतली भिंत तोंडाने घासून साफ करतात, मादीचं पोट भरतं. दुपारनंतर ती भिंतीवर ओळीने नारिंगी अंडी चिकटवत जाते आणि नर मागोमाग फळवतो. पहिल्या खेपेला शे-दोनशे, पुढे चारपाचशेपर्यंत. पहिल्या एक-दोन खेपा ते स्वतःच खाऊन टाकतात. वाईट वाटून घेऊ नका, तेही शिकत असतात.

त्यानंतरचा आठवडा बापाचा. तो परांनी सतत पाणी घालत राहतो, मेलेलं पांढरं अंडं तोंडाने उचलून काढतो. या दिवसांत टाकीत हात घातला तर चावतो. अंडी नारिंगीवरून तपकिरी होतात आणि सहाव्या-सातव्या दिवशी प्रत्येकात दोन चंदेरी डोळे चमकतात. ते चमकले की त्याच रात्री किंवा दुसऱ्या रात्री, अंधार पडल्यावर तासा-दोन तासांत पिल्लं बाहेर येतात.

त्या रात्री टाकीजवळ थांबा. खोलीत मिट्ट अंधार करा, पंप बंद करा, तासाभराने एका कोपऱ्यात छोटी बॅटरी धरा. तीन-चार मिलिमीटरची पिल्लं उजेडाकडे झेपावतात. त्यांना जाळीने उचलू नका, कपाने पाण्यासकट घ्या आणि त्याच पाण्याने भरलेल्या, बाजूंना काळा कागद लावलेल्या वीस लिटरच्या टाकीत सोडा. मोठ्यांच्या टाकीत ती सकाळपर्यंत राहत नाहीत.

पहिले पाच-सहा दिवस त्यांना फक्त रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव चालतात, कारण तोंड तेवढंच असतं. म्हणून रोटिफर आणि त्यांना खायला नॅनोक्लोरॉप्सिस शैवाल यांची पैदास अंडी दिसण्याच्या आधीच महिनाभर सुरू असायला हवी. पिल्लांच्या पाण्यात मिलिलिटरमागे दहा तरी रोटिफर राहू द्या. मग हळूहळू ताजे उबवलेले आर्टिमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवांची पिल्लं. आठव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटतो, मागून अंगावरचा आणि शेवटी शेपटीजवळचा. तोवर वर तरंगणारी पिल्लं आता तळाशी उतरून दगड, पाइप, फिल्टरचा कोपरा असं काहीतरी आपलं म्हणून धरायला लागतात. समुद्रात याच वयात ती नवं फूल शोधत असतात.

तीन-चार महिन्यांनी ती पाऊण-एक इंचाची होतात, तेव्हा ओळखीच्यांना द्यायला हरकत नाही. मागायला आलेल्याची टाकी सायकल झाली आहे का, म्हणजे तिच्यात जिवाणू बसले आहेत का, ते आधी जाऊन बघा. एकाच खेपेची असूनही तोवर त्यांच्यात मापाचा फरक पडलेला असतो. देताना एक थोराड आणि एक बारकं अशी निवडून द्या.